मी त्या दिवशी गळले नाही

मी एक जुनी पाणबुडी आहे.

नाही, हे वाक्य चुकले. पाणबुडी म्हणजे जी पाण्यात बुडते आणि पुन्हा वर येते. मी आता बुडत नाही आणि वरही येत नाही. माझा एकच पत्रा शिल्लक आहे, दोन हात लांब, दीड हात रुंद, कडांना गंजलेला. तो कुठे आहे ते शेवटी सांगेन. आधीच सांगितले तर तुम्ही हसाल, आणि मला आज जे सांगायचे आहे ते हसण्यावारी न्यायचे नाही.

तर मित्रांनो, पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी पाणबुडी होते. माझे नाव बेलेट. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तुलों शहरात, गोदीतल्या एका लांबलचक छपराखाली माझा जन्म झाला. बेलेट म्हणजे मुंगसासारखा, बिळातून सुळकन निसटणारा एक लहानसा प्राणी. माझी लांबी अठरा मीटर. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये फुगीर, जाड चिरुटासारखी. ज्या इंजिनिअरसाहेबांनी मला कागदावर आखले, ते माणसांसाठी जागा ठेवायला विसरले असावेत. आधी त्यांनी आम्लाने भरलेले बॅटरीचे दोनशे डबे मांडले. मग मोटर मांडली, मग पाण्याच्या टाक्या. उरलेल्या फटीत पाच माणसे. धुराडे नाही, वाफ नाही, कोळसा नाही. बाहेर बघायला एक नळी होती. तिच्या भिंगावर दव साचले की युद्धनौका कुठली आणि ढग कुठला, हे कमांडरसाहेबांना अंदाजाने ठरवावे लागे.

माझ्यासारख्या तेव्हा जगात थोड्याच होत्या. कुणालाच नीट ठाऊक नव्हते की आम्ही पाण्याखाली कशा वागू. आम्हालाही नव्हते.

माझे पत्रे जोडले तुसांने. तुसां गेरार हा गोदीतला जुना रिव्हेटवाला. त्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना नखे नव्हती. तो प्रत्येक रिव्हेटवर, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या जाड खिळ्यावर, हातोडीचा हलका टोला द्यायचा आणि कान लावायचा. आवाज खणखणीत आला तर पुढे. बद्द आला तर त्या रिव्हेटभोवती खडूने गोल काढायचा. गोल काढला म्हणजे काम बाकी. त्या गोदीत एक रीत होती. ज्याने गोल काढला, त्यानेच तो पुसायचा. दुसऱ्या कुणी, अगदी मुख्य इंजिनिअरनेही, त्याला बोट लावायचे नाही.

माझ्या डाव्या कुशीत, बॅटरीच्या कोपऱ्यातल्या डब्याच्या बरोबर वर, एक रिव्हेट होता. तुसांने त्याच्याभोवती गोल काढला.

इथे मी थोडी थांबते. माझी चूक इथून सुरू होते.

"हा गोल कशाला?" फोरमनने विचारले.

"आवाज बद्द येतोय, साहेब."

"गळतोय का?"

"अजून पाण्यात गेलीये कुठं ती?"

"मग घाल पाण्यात. परवा मंत्री येतायत. त्यांना काय तुझे कान दाखवू?"

सगळे हसले. तुसांही हसला. मला दिवसभर गोदीच्या कुंडात बुडवून ठेवले. तुसां आत मेणबत्ती घेऊन बसला, नखे नसलेली बोटे त्या रिव्हेटवर टेकवून. त्याची बोटे मला कळत होती. तो वाट बघत होता.

मित्रांनो, पत्र्याला आयुष्यात दोनच गोष्टी करता येतात. धरून ठेवणे आणि सोडणे. मला त्या रिव्हेटची फट ठाऊक होती. केसाएवढी होती. पण बाहेर बँडवाले सराव करत होते. माझ्या नाकावर फीत बांधली होती. बायका टोपल्या भरभरून पिवळी मिमोझाची फुले आणून ठेवत होत्या. मला ती हवी होती. मी माझे सारे पोलाद आवळून धरले.

"कोरडा आहे," संध्याकाळी तुसां म्हणाला. त्याचा आवाजही बद्द होता.

"मग पूस गोल."

तुसांने खिशातून फडके काढले आणि परत ठेवले. पुसायला त्याचा हात धजेना. म्हणून त्याने राखाडी रंगाचा डबा घेतला आणि गोलावरून ब्रश फिरवला. पुसला नाही, झाकला. रीतही मोडली नाही आणि फोरमनचे तोंडही बंद झाले.

दुसऱ्या दिवशी रंगाचा आणखी एक हात. मंत्री आले त्या सकाळी तिसरा.

माझ्यावर फुले पडली.

०

आता कामाची वर्षे सांगते. ही चांगली होती, म्हणून जरा रेंगाळते.

पाण्याखाली मी तराजूच होते. एखादा माणूस दोन पावले पुढे सरकला की माझे नाक खाली जाई. म्हणून प्रत्येकाची उभे राहण्याची जागा ठरलेली. शिंक आली तरी जागा सोडायची नाही. दर सोमवारी सगळ्यांची वजने व्हायची, मासळीबाजारातून आणलेल्या काट्यावर. कुणाचे वाढले, कुणाचे घटले, त्याप्रमाणे शिशाच्या लाद्या इकडच्या तिकडे व्हायच्या.

काट्यापाशी उभा असायचा फोर्त्युने एगिये, माझा मोटरवाला. तुलोंचाच, गोदीच्या भिंतीमागच्या गल्लीतला. त्याच्या बोटांना मोटरच्या तेलाचा आणि लसणाचा मिळून एक वास असे. त्याच्यासमोर काट्यावर चढायचा सारंग केर्द्रो, खलाशांचा म्होरक्या, उत्तरेकडच्या ब्रेतान्यचा. दोघांचे कधी पटले नाही आणि दोघांना एकमेकांशिवाय करमलेही नाही.

"पाऊण किलो वाढलात, सारंग. गावाकडून लोण्याचा डबा आला वाटतं."

"खारं लोणी आहे. माणसाला माणूस करतं. तू आपला तेल चोळत बस पावाला."

"तेलानं मोटर चालते. लोण्यानं कधी चाललेली बघितलीय?"

"तू खाली वाकून श्वास सोडलास की बॅटऱ्या लसणावरच चालतात लेका. आम्हीच काय ते जिवंत राहतो नशिबानं."

मी बंदरात दिवसातून दोनदा बुडायचे. कधी नाक खाली करून वेड्यासारखी सूर मारायचे. कधी तळाच्या चिखलात रुतून बसायचे. तरी वर यायचे. किनाऱ्यावर माणसे टोप्या उडवायची. वर्तमानपत्रात माझे चित्र आले. चित्रात मला डोळे काढले होते.

रिव्हेट मी आवळूनच धरला होता.

०

पुन्हा सुरुवात करते. इथून सांगितले नाही तर मी सांगणारच नाही.

चौथ्या वर्षी पॅरिसहून एक डॉक्टर आले. ते म्हणाले की बॅटरीच्या आम्लात समुद्राचे पाणी मिसळले तर विषारी वायू होतो. तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. उभ्या माणसाच्या नाकापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. म्हणून बॅटरीच्या कोपऱ्यात, अगदी जमिनीवर, पिंजऱ्यात एक लहान प्राणी ठेवायचा. दर दहा मिनिटांनी तो कसा आहे ते विचारायचे. तो कलंडला की ताबडतोब वर यायचे. हुशार माणूस होता. जागाही त्याने बरोबर निवडली.

फक्त प्राणी चुकीचा निवडला.

त्या प्राण्याचे नाव मी घेणार नाही. फ्रान्सच्या कुठल्याही जहाजावर ते घेत नाहीत. कान लांब असतात, नाक सतत हलते, कोबी खातो. लाकडी जहाजांच्या काळात मांसासाठी नेलेला असा एक प्राणी पिंजऱ्यातून सुटला, त्याने दोर कुरतडले, मालाचे पेटारे सुटले आणि वादळात जहाज गेले, असे म्हणतात. तेव्हापासून ना प्राणी, ना त्याचे नाव. पॅरिसच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार?

सोमवारी सकाळी फोर्त्युने धक्क्यावर आला. हातात वेताचा पिंजरा, वर कापड. केर्द्रो माझ्या पाठीवर उभा होता.

"काय आहे त्यात?"

"डॉक्टरांचा पाहुणा."

"कान केवढे?"

फोर्त्युनेने कापड आणखी खाली ओढले. केर्द्रोच्या मागचे दोघे खलाशी एक पाऊल मागे सरकले.

"तो चढला तर मी उतरतो," केर्द्रो म्हणाला.

"सारंग, बिचारा कोबी खातो. पोलाद नाही खात."

"माझा बाप ज्या जहाजावर गेला, त्यावर एक होता. स्वयंपाक्यानं पोत्यात लपवून आणलेला. तूच सांग मला, कुठाय माझा बाप?"

"कमांडरसाहेब तुम्हाला कोठडीत घालतील. दोन वर्षांनी पेन्शन आहे तुमची. ती जाईल."

"जाऊ दे. कोठडीत हवा तरी असते."

फोर्त्युनेने पिंजरा खाली ठेवला. त्याने हसून बघितले, पण केर्द्रो हसत नव्हता. त्या दाढीवाल्या, जाडजूड माणसाने माझ्या पाठीवरचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. तेवढ्यात फोर्त्युनेची नऊ वर्षांची मुलगी नोरीन वडिलांचा डबा घेऊन आली. फोर्त्युनेने तिच्याकडे बघितले, पिंजऱ्याकडे बघितले आणि कापड उचलले.

"झग्याखाली घे आणि घरी पळ. आईला सांग, हा शिजवायचा नाही. हा सरकारी आहे."

"याला काय म्हणतात, बाबा?"

"घरी जाऊन विचार. इथं नको."

मग त्याने एका छोट्या गोणीत वाळू भरली आणि मासळीच्या काट्यावर ठेवली. बरोबर तीन किलो, पाहुण्याच्या वजनाइतकी, कारण तराजूला खोटे चालत नाही. गोणी पिंजऱ्यात, वर कापड. पिंजरा कोपऱ्यात, त्या डब्याच्या शेजारी.

कमांडर लासेर सज्जन माणूस. ते वर आपल्या नळीपाशी बसायचे. तिथून खालचे दिसत नसे. दर दहा मिनिटांनी ते विचारायचे,

"प्राणी?"

फोर्त्युने कापड उचलायचा, गोणीकडे बघायचा आणि सांगायचा, "चरतोय, साहेब."

कधी सांगायचा, "झोपलाय, साहेब." एकदा म्हणाला, "साहेब, कोबी संपवला. आता माझ्या जेवणाकडे बघतोय." केर्द्रो सुकाणूपाशी उभा असायचा. त्याचे खांदे हसून हलायचे. मीही हसायचे. मी हसले की माझे सारे रिव्हेट बारीक किणकिणायचे. एक सोडून सारे.

एकेचाळीस वेळा आम्ही असे खाली गेलो.

०

बेचाळिसावी वेळ.

मार्च महिना. उत्तरेचा मिस्त्राल वारा सुटला होता, वर समुद्र पांढरा झाला होता. नौदलाची मोठी कवायत होती. बंदराबाहेर युद्धनौकांची रांग उभी होती. आम्हाला कुणाला न दिसता तिच्याजवळ पोचायचे आणि वर न येताच परत फिरायचे होते. लाटांनी मला कुशीवर लोटले. पुन्हा लोटले. माझ्यावरचा रंग ताणला गेला. तो जाड होता, तीन हातांचा. चार वर्षे मी एकटी धरून नव्हते, तोही धरून होता. तो फुटला तेव्हा मला कळले की माझ्यात तेवढी ताकद कधीच नव्हती.

एक थेंब.

तो कोपऱ्यातल्या डब्यावर पडला. डब्याच्या झाकणाला तडा होता. दुसरा थेंब. मग धार, सुतळीएवढी.

"फोर्त्युने, प्राणी?"

त्याने सवयीने कापड उचलले. सवयीने म्हणाला, "चरतोय, साहेब."

"छान. मग अजून दहा मिनिटं खालीच राहू. शेवटच्या जहाजापर्यंत जाऊन वळू."

मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. पण पत्र्याला दोनच गोष्टी येतात, आणि दोन्ही मी चुकीच्या वेळी केल्या.

थोड्या वेळाने फोर्त्युनेला वास आला. कपडे पांढरे करायच्या पाण्याचा असतो तसा, घशाला ओरबाडणारा. कुठून येतो ते बघायला तो वाकला. वाकायला नको होते. खाली हिरवट पिवळा वायू साचला होता, पिंजऱ्याच्या उंचीइतका. पाहुणा तिथे असता तर केव्हाच कलंडला असता.

फोर्त्युने खोकला. केर्द्रोने सुकाणू न सोडता मान वळवली.

"काय झालं रे खाली?" हळूच.

"काही नाही. लसूण जास्त झाला."

केर्द्रो हसला नाही. त्याने कापडाकडे बघितले. फोर्त्युनेने त्याच्याकडे बघितले. दोघांनाही कळले होते. आता खरे सांगायचे तर केर्द्रोचे नाव घ्यावे लागणार होते. फोर्त्युने पुन्हा खोकला, या वेळी मोठ्याने.

वरून आवाज आला. "काय चाललंय? प्राणी कसा आहे?"

फोर्त्युनेने तोंडावरचा हात काढला.

"प्राणी ठीक आहे, साहेब," फोर्त्युने म्हणाला. "मी ठीक नाही."

कमांडरसाहेबांनी एक क्षणही घालवला नाही. टाक्या रिकाम्या करायचा हुकूम दिला. मी वर निघाले. पण आतले पाणी मला खाली ओढत होते. मोटर थांबली असती तर मी पोचले नसते. मोटर चालू राहावी म्हणून धरून ठेवायचा दांडा खाली, जमिनीजवळ होता. फोर्त्युने तिथे गुडघ्यांवर बसला, तोंडाला ओले फडके लावून, चार मिनिटे. मी पाण्यावर आले, माथ्यावरचे झाकण उघडले. वारा आत आला. चौघे चढून बाहेर पडले. मग केर्द्रो परत उतरला आणि फोर्त्युनेला पाठीवर घेऊन वर आला.

फोर्त्युने अकरा दिवस जगला.

०

चौकशी झाली. लांब टेबल, पाच अधिकारी. हे मला नंतर खलाशांच्या बोलण्यातून कळले. केर्द्रोला कुणी विचारलेही नव्हते. तो स्वतःहून उठला.

"पिंजऱ्यात वाळू होती. तो चढला नाही, कारण मी चढू दिला नाही."

"तो म्हणजे कोण?"

केर्द्रोने तोंड उघडले. शब्द बाहेर येईना. जमिनीवर, कोरड्या खोलीत, खिडकीतून ऊन येत असताना येईना. शेवटी त्याने डोक्यावर दोन बोटे उभी धरली आणि तसाच उभा राहिला. कुणीही हसले नाही.

त्याची पेन्शन गेली. कमांडर लासेर यांनी पुन्हा पाणबुडी मागितली नाही.

मला पाण्याबाहेर, कोरड्या गोदीत घेतले. तुसांने माझ्या डाव्या कुशीवरचा रंग खरवडला. एक थर, दुसरा थर, तिसरा. खाली खडूचा गोल तसाच होता. तो फोरमनला बोलावून आणायला गेला नाही. आपल्या नखे नसलेल्या बोटांनी त्याने तो गोल चाचपला आणि तिथेच मांडी घालून बसला, जेवणाची घंटा होऊन गेली तरी.

नंतरची उपेक्षा मी लांबवत नाही. ती मला मिळायलाच हवी होती. मला ठिगळ लावले, पण माझ्यात उतरायला कुणी तयार होईना. सहा वर्षे मी एका कोपऱ्यात दोरांना बांधून होते. माझ्यावर शेवाळ आणि पक्ष्यांची घाण. मग मला तोडले. शिसे गेले, तांबे गेले. मोडीच्या ढिगातून तुसांने एकच पत्रा मागून घेतला. त्याने खडूच्या गोलावरून छिन्नी फिरवली होती. आता तो पुसला जाणार नव्हता.

पत्रा हातगाडीवर घालून तो गोदीमागच्या गल्लीत गेला. फोर्त्युनेची बायको देल्फीन दारातच शेंगा सोलत होती.

"तोच पत्रा?" तिने विचारले.

"हो."

"आणि मी काय करू याचं?"

"तुम्ही म्हणाल ते, वहिनी. समुद्रात टाक म्हणालात तर आत्ता जाऊन टाकतो."

देल्फीनने शेंगांची टोपली बाजूला ठेवली. तिने बोट गोलावरून फिरवले. मला वाटले, आता ती थुंकेल. मला ते चालले असते.

"समुद्रात नको," ती म्हणाली. "तिथं राहिलाय तो पुष्कळ."

आतून नोरीन आली. पंधरा वर्षांची, वडिलांसारखेच मोठे कान. "मागच्या खुराड्याला छप्पर हवंच आहे की."

तुसांने छप्पर बसवून दिले. उतरताना म्हणाला, "तो रिव्हेट बुजवून देतो. पावसात गळेल."

"नको," देल्फीन म्हणाली. "गळू दे. गळतंय ते दिसू दे."

मित्रांनो, इथेच आहे मी. परसातल्या खुराड्यावर. खाली त्या सरकारी पाहुण्याची नातवंडे-पतवंडे राहतात. तो स्वतः सात वर्षे जगला. त्याला कुणी शिजवले नाही.

मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात काही गळत असेल, करकरत असेल, एखादी गोष्ट बद्द वाजत असेल, तर तिला गप्प करू नका. तिच्यावर रंग फिरवू नका. जी वस्तू गळते ती बिघडलेली असेल, पण खोटी नसते. मी खोटी होते. आणि कुणी तुम्हाला विचारले, 'आतलं कसं आहे?' तर उत्तर देण्याआधी कापड उचलून खरेच बघा, सवयीने नव्हे.

जहाजाने तो शब्द उच्चारायचा नसतो. पण मी आता जहाज नाही.

ससा.

बघा, म्हटला. काही बुडाले नाही.

आज दुपारपासून पाऊस आहे. रिव्हेटमधून थेंब पडतो. खाली ससा कान झटकतो आणि एक वीत बाजूला सरकतो. नोरीन दारातून बघते आणि कोरडे गवत घेऊन येते.